हाड जुळेपर्यंतचे घर

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडल्यावर ते जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. तंबाखू, विडी किंवा मशेरी चालू असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलेले असेल, तर त्याहून जास्त. यातले रुग्णालयातले दिवस जेमतेम आठवडाभराचे. बाकीचा सगळा काळ घरात जातो, आणि तिथे काय चालते याचा डिस्चार्ज कार्डावर उल्लेख नसतो. घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट मात्र नेमका हाच काळ पाहत असतो. पुण्यामुंबईच्या इमारतींत आणि चाळींत हे काम वर्षानुवर्षे केल्यावर एक गोष्ट पक्की होते. व्यायाम टाळणारा रुग्ण क्वचितच आळशी असतो. संडास, अंघोळ, झोप आणि पाहुणे यांच्यातच त्याची दिवसभराची ताकद संपलेली असते. गुडघा वाकवायला काही शिल्लक उरत नाही.

हा काळ घरात आला तो सळईमुळे. जर्मन सर्जन गेरहार्ड कुंचर यांनी १९४०च्या सुमारास हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवण्याची पद्धत आणली. त्याआधी मांडीचे हाड मोडलेला माणूस पायाला वजने लटकवून आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून असे. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डांत वजनांच्या जागी दोरीला विटा बांधलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, अशी पिढी अजून हयात आहे. आता रॉड टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर हातात देतात आणि टाके काढायच्या आधीच घरी सोडतात. ही प्रगती मोठी आहे. पण वॉर्डात जी गैरसोय मावशी, वॉर्डबॉय आणि सिस्टर यांच्यात वाटली जायची, ती आता दोन खोल्यांच्या घरात एकट्या बायकोवर किंवा आईवर पडते, आणि याचा हिशोब कुठल्याही बिलात नसतो.

या धंद्यात नवा असलेला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत एक्स-रे उजेडासमोर धरतो, टाके पाहतो, सांध्याचे कोन मोजतो. काही वर्षे गेली की क्रम बदलतो. आधी पाहायची ती खाटेपासून संडासापर्यंतची वाट. वाटेत उंबरा किती उंच आहे, पायपुसणे सरकते का, संडासाच्या दारातून वॉकर सरळ जातो की आडवा करावा लागतो, आत धरायला काय आहे. जुन्या इमारतींत ही दारे इतकी अरुंद असतात की वॉकर बाहेर ठेवून, एका हाताने चौकट आणि दुसऱ्या हाताने नळ धरून माणूस आत उडी मारतो. पडण्याची भीती सर्वांत जास्त याच दोन-तीन फुटांत असते. नळाचा पाइप हा आधार नव्हे, तो उपटून हातात येतो, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावे लागते.

भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवे बसायचे तर गुडघा साधारण १३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. नुकतेच ऑपरेशन झालेल्याचा गुडघा तीस-चाळीस अंशांवर अडलेला असतो. उपाय म्हणजे मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची. ती भाड्याने मिळते, विकतही फार महाग नसते. मात्र ती भांड्यावर ठेवली की प्रश्न मिटला असे होत नाही. संडासाच्या फरशीला भांड्याकडे उतार असतो, त्यामुळे खुर्ची पुढे झुकते आणि तिचे पाय ओल्या फरशीवर सरकतात. चारही पायांना चांगले रबरी बूच हवेत, पुढच्या पायांखाली पातळ लाकडी पट्टी हवी, आणि मगची जागा बदलायला हवी. जमिनीवर ठेवलेला मग खुर्चीवरून हाताला लागत नाही. तो घ्यायला वाकलेला माणूस तिथेच तोल घालवतो. खिडकीच्या कठड्यावर भरून ठेवलेली एक बाटली हे काम भागवते. असल्या सूचना कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, पण पहिल्या पंधरवड्यात व्यायामाच्या तक्त्याहून त्यांचाच उपयोग जास्त होतो.

चाळीतल्या एका घरी नडगीचा रॉड घातलेला कामगार रोज अधिकाधिक मलूल दिसू लागला. जेवण अर्धे, पाणी त्याहून कमी, पोट चार-चार दिवस साफ नाही. वेदनाशामक गोळ्यांनी आणि पडून राहण्याने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून घरच्यांनी इसबगोल सुरू केले होते. खरे कारण गॅलरीच्या टोकाला होते. सामाईक संडासापर्यंत वॉकर घेऊन जायचे म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांच्या उघड्या दारांवरून जायचे, रांगेत एका पायावर उभे राहायचे आणि परत यायचे. त्या प्रवासाच्या धास्तीने तो खाणेपिणेच तोडत होता. घरातल्या घरात, कपाटामागे पडदा लावून कमोड खुर्ची ठेवायची म्हटल्यावर त्याने साफ नकार दिला. त्याच खोलीत देव्हारा होता आणि तिथेच सून स्वयंपाक करायची. अखेर घरातल्या म्हातारीनेच तोडगा काढला. "देव मी हलवते चार महिने, त्याला कळतं सगळं," म्हणाली आणि देव्हारा बहिणीकडे नेऊन ठेवला. आठवड्याभरात कामगार पोटभर जेवू लागला, आणि व्यायामाला नाही म्हणणे थांबले.

अंघोळीचा त्रास वेगळा. प्लास्टर असेल तर पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्टुलावर लांब करायचा आणि उरलेल्या अंगावर पाणी घ्यायचे. पाण्याला वाट सापडतेच. ओले प्लास्टर लवकर वाळत नाही, आत कातडी भिजून पांढरी पडते आणि मग खाज सुरू होते. खाजेने माणूस जितका हैराण होतो तितका दुखण्यानेही होत नसावा. घरात हाताशी जे लांब आणि बारीक असेल ते प्लास्टरमध्ये जाते. विणायची सुई, मुलाची फूटपट्टी, झाडूचा हीर, असे सगळे काही प्लास्टर कापताना आतून निघालेले आहे. आत ओरखडा उठला तर तो दिसत नाही, पिकतो, आणि वास आला की मगच कळतो. बाहेरून टिचक्या मारणे, हेअर ड्रायरची थंड हवा सोडणे, दुसऱ्या पायाच्या त्याच जागी खाजवणे, हे उपाय अर्धेमुर्धे चालतात. रॉडवाल्यांना प्लास्टर नसते, पण त्यांच्या गुडघ्याखाली पुष्कळदा एक बधिर पट्टा राहतो. चिरा देताना कातडीची बारीक नस दुखावल्याने तो होतो आणि चालण्यावर त्याचा काही परिणाम नसतो. हे आधी सांगितलेले नसले तर रुग्ण अंगठ्याने तो भाग दाबत रात्र काढतो आणि पाय गेला असे मनाशी धरून बसतो. पाय खाटेखाली सोडला की तो जांभळा दिसतो, त्याचेही तेच. पोटरी मात्र एकाएकी सुजून टणक झाली, दुखू लागली किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तिथे थांबायचे नसते, रुग्णालय गाठायचे असते.

झोपेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती येत नाही. कुशीवर वळता येत नाही, चादरीचे ओझे बोटांना सहन होत नाही, डास नेमके पायालाच चावतात. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, आणि तीच उशी सर्वांत मोठे नुकसान करते, कारण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी टाचेखाली हवी. ही एक सूचना जवळपास प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण रात्री दोन वाजता आई ती उशी मायेने गुडघ्याखाली सरकवते.

वॉकरनंतर कुबड्या येतात. काखेत आणि कुबडीच्या टोकात दोन-तीन बोटांचे अंतर राहायला हवे आणि वजन तळहातावर यायला हवे. काखेवर लोंबकळणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, आणि हे बरेच दिवस चालले तर मनगटच उचलत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे एकच काठी उरली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे ऐकून निम्मे लोक वाद घालतात. एवढे तंत्र दोन दिवसांत शिकवता येते. शिकवता येत नाही ते दोन्ही हात अडकल्यावर करायचे काय, हे. कुबड्या घेतलेल्या माणसाला चहाचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही. वर्तमानपत्र, मोबाइल, चष्मा, औषधाची पट्टी, यांतले काहीही नेता येत नाही. दर वेळी हाक मारावी लागते, आणि दिवसातली दहावी हाक मारताना आवाज चढतो. घरातली बहुतेक भांडणे या दहाव्या हाकेवर होतात. गळ्यात अडकवायची शबनम आणि झाकणाचा थर्मास या दोन वस्तूंनी जेवढी शांतता आणली आहे तेवढी समुपदेशनाने आणल्याचे दिसत नाही. फरशी पुसण्याची वेळही ठरवून घ्यावी लागते. कामवाल्या ताईंनी पुसून घेतलेल्या ओल्या फरशीवर कुबडीचे झिजलेले रबर कधी निसटेल, सांगता येत नाही.

मग भेटायला येणारे. शहाळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाच्या ओळखीत असाच पाय मोडलेला एक जण, जो एकतर महिन्यात पळू लागलेला असतो किंवा कायमचा लंगडा झालेला असतो. सल्ल्यांना तोटा नसतो. पाय्याचे सूप, डिंकाचे लाडू, अळीव, कांडवेल. यातले बरेचसे निरुपद्रवी, काही पौष्टिकच. त्रास होतो तो पथ्याचा. आंबट खाल्ले की जखमेत पू होतो, वांगे चालत नाही, भात चालत नाही, असे करत करत ताट रिकामे होते. जखम भरायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. लिंबू, आवळा बंद करून ती लवकर भरण्याचे काही कारण नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत फिजिओथेरपिस्ट अशा आजींशी वाद घालतो. नंतर तो लाडवाला हो म्हणतो आणि त्याबरोबर डाळ, अंडी, दही मागून घेतो. पाहुण्यांचा आणखी एक उपयोग अनुभवाने कळतो. त्यांच्यासमोर माणूस कमी कण्हतो. संध्याकाळी मित्र बसलेले असताना करून घेतलेला व्यायाम सकाळच्या एकांतातल्या व्यायामापेक्षा दोन पावले पुढे जातो.

गुडघा वाकवणे हा या सगळ्याचा कणा. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागते, खुर्चीतून उठायला आणि जिन्याला नव्वद ते शंभर लागतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला माणूस खुर्चीवर जेवतो, कमोडवर बसतो, खाटेवर झोपतो. त्याचे एकशेवीस अंशांत सगळे उरकते. इथल्या माणसाला पंगतीला बसायचे असते, पूजेला मांडी घालायची असते, शेतात खुरपायला उकिडवे बसायचे असते. शेवटचे वीस-तीस अंश पुस्तकाच्या हिशोबात चैनीचे आहेत, गावाकडे त्यांच्यावर रोजी चालते.

हे अंश मिळतात ते दुखूनच. रुग्ण खाटेच्या कडेला पाय सोडून बसतो, चांगला पाय दुखऱ्या पायावर टेकवून मागे रेटतो, दहा आकडे मोजेपर्यंत धरतो. पहिल्या महिन्यात दाराची बेल वाजली की त्याचा चेहरा पडतो. "मॅडम, आज नको, आज बीपी वाढल्यासारखं वाटतंय," हे वाक्य प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने ऐकू येते. कोन मोजायच्या पट्टीवरचे आकडे रुग्णाला काही सांगत नाहीत. पंच्याहत्तरचे अठ्ठ्याहत्तर झाले याने कोणाला आनंद होत नाही. त्यापेक्षा फरशी कामाला येते. खुर्चीवर बसून टाच मागे ओढली की ती फरशीच्या कोणत्या जोडापर्यंत गेली, तिथे खडूने रेघ मारायची आणि तारीख घालायची. रेघा मागे सरकताना घरातली लहान मुलेही पाहतात. एका घरात नातवाने आजोबांच्या नकळत रेघ दोन बोटे आणखी मागे मारून ठेवली होती. आजोबांनी चिडून टाच त्या रेघेच्याही मागे नेली.

जोर लावण्यापेक्षा कारण लागते, हेही उशिराच समजते. पखवाज वाजवणारे एक गृहस्थ नव्वदवर अडकून बसले होते. गोळ्या, शेक, पट्टा, कशाचा उपयोग नव्हता. पखवाज स्टँडवर ठेवून खुर्चीवरून वाजवायला त्यांना मंजूर नव्हते. तेव्हा व्यायामाच्या वेळी पखवाजच पुढ्यात आणला. आधी उंच पाटावर, मग दोन उशांवर, मग एका उशीवर बसून रोज अर्धा तास वाजवायचे. बोल चालू असताना गुडघा आपोआप सैल पडत गेला. सर्वांना असे यश मिळत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. मोड सांध्याच्या आत गेलेली असेल, पृष्ठभाग चुरला असेल, तर मांडी घालणे परत येत नाही, आणि ते वेळेवर न सांगता महिनोन्महिने आशेवर पैसे घेणे हे या व्यवसायातले वाईट वागणे आहे.

"आराम करा" हा सल्ला पुरुषाला आणि बाईला सारखा लागू पडत नाही. पाय मोडलेला पुरुष दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, ताट हातात घेऊन बरा होतो. बाईची खाट बहुधा आतल्या खोलीत असते आणि तिथून स्वयंपाकघर दिसते. दूध उतू जाते, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजत नाही, सासूबाईंचा चहा राहतो. तिसऱ्या आठवड्यात ती एका पायावर ओट्याशी उभी असते. तिला रागावून उपयोग नसतो, कारण तिच्या जागी उभे राहणारे कोणी नसतेच. अशा वेळी ओट्याच्या उंचीचे पाठीचे स्टूल आणावे, पाय ठेवायला खाली उलटा डबा द्यावा, आणि पोळ्या बाहेरून आणण्याबद्दल घरातल्या कर्त्याशी तिच्या देखत बोलावे. मात्र बाया गुडघा लवकर वाकवतात, हे निरीक्षण अनेक जणांचे आहे. कारण साधे: त्यांना कोणी बसू देत नाही.

"पायावर वजन द्यायचे नाही", "थोडे द्यायचे" आणि "पूर्ण द्यायचे" या तीन पायऱ्या सर्जन लिहून देतो. मधली पायरी कोणालाच कळत नाही. थोडे म्हणजे किती? त्यासाठी वजनकाटा वापरतात. दुखरा पाय काट्यावर, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हातात वॉकर. काटा पंधरा किलोवर येईपर्यंत भार टाकायचा आणि ती जाणीव लक्षात ठेवायची. डोळे मिटून पुन्हा करायला सांगितले की कोणी पाचवर थांबतो, कोणी चाळीसवर जातो. घाबरट आणि धाडसी माणूस इथे लगेच ओळखू येतो, आणि दोघांना वेगळे बोलावे लागते. घाबरणाऱ्याला एक्स-रेमधला नव्या हाडाचा ढगासारखा पांढरा पुंजका दाखवला तर धीर येतो. धाडसी माणसाला मोडलेल्या स्क्रूचा एक्स-रे दाखवतात.

ज्यांचे हाड उघड्या जखमेतून गळून गेलेले असते त्यांच्या नशिबी इलिझारोव्हची रिंग येते. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत उभी केली. कापलेल्या हाडाची दोन टोके रोज एक मिलिमीटरने लांब करत न्यायची, म्हणजे मधल्या जागेत नवे हाड तयार होते. हा मिलिमीटर दिवसातून चार वेळा, पाव-पाव करून वाढवतात, आणि तो वाढवणारे हात घरच्यांचे असतात. गॅरेजमधला दहा नंबरचा पाना घेऊन आई मुलाच्या पायाचे नट फिरवते, दर वेळी वहीत बरोबरची खूण करते. पायजम्याची शिवण उसवून तिथे नाड्या लावतात, तारांभोवतीची कातडी रोज साफ करतात. रात्री रिंग मच्छरदाणीत अडकते. वर्ष-वर्ष चालणाऱ्या या उपचारात रुग्णापेक्षा पाना धरणारी व्यक्ती आधी थकते, म्हणून खूण करायला दुसरे माणूस तयार ठेवावे.

दरम्यान घरात पैशाची बोलणी सुरू झालेली असतात. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्याला कामावरच्या इजेसाठी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. डिलिव्हरीच्या गाडीवर पडलेल्या पोराला बहुधा काहीच नाही. मोटार अपघाताचा दावा चालू असेल तर आणखी एक अवघड गोष्ट होते. अपंगत्वाचा दाखला टक्क्यांत मिळतो, आणि टक्क्यांवर भरपाई ठरते. पाय सुधारला तर रक्कम घटेल ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण व्यायाम त्याच सुमारास ढिला पडतो. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. कर्ज काढून ऑपरेशन केलेल्या घरात बसून मात्र तो शब्द तोंडातून निघत नाही.

कामावर परतण्याची तारीख पायापेक्षा कामावर ठरते. ऑटोरिक्षाचा क्लच डाव्या हातात आणि ब्रेक उजव्या पायाखाली असतो. त्यामुळे डावी नडगी मोडलेला रिक्षावाला उजवी मोडलेल्याच्या आधी स्टँडवर दिसतो. मोटारसायकलला गिअर डाव्या पायाने टाकावा लागतो आणि सिग्नलला गाडी पायावर तोलावी लागते. गवंडी, हमाल, ऊसतोड कामगार यांना सर्वांत उशीर लागतो आणि थांबण्याची ऐपत सर्वांत कमी त्यांचीच असते. पाय तयार असून गाडीवर न बसणारेही असतात. त्यांना आधी मागच्या सीटवर, मग सोसायटीच्या आवारात, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, असे टप्प्याने नेले तर बहुतेकांची भीती जाते.

शेवटचा प्रश्न रॉड काढायचा का, हा. प्रौढ माणसाला त्रास नसेल तर पुष्कळ सर्जन तो तसाच ठेवतात. स्क्रूचे डोके टोचत असेल किंवा गुडघे टेकून बसताना दुखत असेल, तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी, काढतात. स्क्रूची भोके भरून यायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर काही आठवडे धावणे, उडी मारणे आणि जड उचलणे बंद ठेवावे लागते. काठी बहुतेकांना थोडेच दिवस लागते.